पहिला हप्ता मार्च 2021 : एका भूलतज्ज्ञाच्या ब्रँचनिवडीचं प्रकरण

"पेड्स मिळत असताना भूल घेतलीस?" एमबीबीएसनंतर पुढच्या शिक्षणाची शाखा निवडताना बालरोग (पेड्स) सोडून भूलशास्त्र घेतलेल्या एका मुलीला हा प्रश्न मे 2020 मध्ये बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा जणांनी तरी विचारला असेल. एकाने कोटीही केली : भूल घेतलीस की भूल केलीस? तिने हसरी इमोजी टाकली आणि एका शब्दात उत्तर दिलं, "लाइफस्टाइल." दिवस लॉकडाऊनचे होते. थोड्याच दिवसांत व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक कोविड रुग्णाच्या तोंडाशी ज्या शाखेच्या डॉक्टरांना वाकावं लागणार होतं, त्या शाखेबद्दल हे उत्तर होतं. खरं कारण ग्रुपवर टाकण्यासारखं नव्हतं. मला ते ठाऊक होतं, कारण त्यातलं अर्धं मी 2014 साली सही करून मंजूर केलं होतं आणि उरलेलं अर्धं 2020 मध्ये एक्सेलमध्ये मांडून दिलं होतं.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेचा निवृत्त शाखाधिकारी. हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहितोय. गाव, बँक, कॉलेज सांगणार नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे.

पासबुक

वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक, आई प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका. दोन पगारांचं घर म्हटल्यावर लोकांना वाटतं, बरं चाललंय. पण याच दोन पगारांमुळे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या वर गेलं आणि केंद्राच्या व्याज-अनुदान योजनेतून हे घर बाहेर पडलं. योजनेसाठी श्रीमंत आणि फीसाठी गरीब, अशी कितीतरी घरं मी टेबलापलीकडून पाहिली आहेत.

मुलीला खासगी कॉलेजात एमबीबीएसची जागा लागली. साडेचार वर्षांची फी, त्यानंतर वर्षभर इंटर्नशिप. वसतिगृह, मेस, पुस्तकं घरून. कर्ज 22 लाख 50 हजार : चार वर्षं पाच-पाच लाख आणि शेवटच्या अर्ध्या वर्षाचे अडीच.

तेव्हा शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण नव्हतं, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागायचं, त्यापुढे ठोस तारण लागायचं. वडिलांच्या नावावर तीन एकर होती. त्यांनी सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणला होता. तो परत त्यांच्या हातात देताना मला बरं वाटलं नाही. कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून असल्या कर्जाला बँका ती तारण धरायला तयार नसतात. वडिलांना एवढंच कळलं की बापजाद्यांच्या जमिनीला बँकेत किंमत नाही.

मग धाकटे काका आले. त्यांचं गावात घर होतं, खाली इलेक्ट्रिकल्सचं दुकान. वकिलाचा सर्च रिपोर्ट निघाला, मूल्यांकन झालं आणि काकांनी खरेदीखत शाखेत जमा केलं. सही करताना म्हणाले, "साहेब, पोरगी डॉक्टर होतीय, घर कुठं पळून जातंय?" काकू दाराजवळच्या बाकावर बसून होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

आता व्याजाचं. शिक्षण आणि त्यापुढे एक वर्ष, एवढ्या काळात हप्ता नसतो. पण मीटर चालू असतं. सरळव्याज असलं तरी साडेसहा वर्षांचं असतं. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर दरात एक टक्का सवलत मिळते. ती मी समजावून सांगितली, वडिलांनी मान डोलावली आणि पहिल्या वर्षी दोनदा भरलंही. पुढे जमलं नाही. सरासरी 11 टक्क्यांनी ढोबळ हिशोब धरला तर मार्च 2021 मध्ये, म्हणजे पहिल्या हप्त्याच्या दिवशी, 22 लाख 50 हजारांचे 34 लाख 20 हजार झालेले असणार होते. पंधरा वर्षं, 10 टक्के, महिन्याला 36 हजार 750. एकूण परतफेड 66 लाखांवर.

पुढे पोटात गोळा आला तो या एकूण आकड्याने नव्हे. मार्च 2021 या तारखेने.

निळा डबा

तिला बालरोगतज्ज्ञ व्हायचं होतं, आणि हे बारावीनंतर सुचलेलं खूळ नव्हतं. लहानपणी सुट्टीत ती आईबरोबर लसीकरणाच्या सत्राला जायची. निळा व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला अडकवून पुढे चालायचं, हे तिचं काम. बर्फाचे पॅक कसे लावायचे, बीसीजी डाव्या दंडावर का, हे तिला शाळकरी वयातच पाठ होतं. इंटर्नशिपमध्ये ग्रामीण पोस्टिंगला गेली तर तिथल्या सिस्टर तिला "आमच्या ताईंची पोरगी" म्हणूनच ओळखत.

जानेवारी 2020 मध्ये नीट पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, झाली. रँक बरी आली, फार वरची नाही. इंटर्नशिप मार्चमध्ये संपली आणि देश बंद झाला. प्रेफरन्स फॉर्म घरी बसून भरायचा होता. गच्चीवर एका कोपऱ्यात रेंज यायची, तिथे खुर्ची मांडून. वडिलांनी मला फोन केला, "साहेब, तुम्ही कर्ज दिलं होतं, तुम्हीच सांगा आता काय करायचं." मी सोलापुरात, ते तिथे. मग चार संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाले.

रँक पाहता खरे पर्याय तीन. मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात बालरोग. जवळपासच्याच दुसऱ्या सरकारी कॉलेजात भूलशास्त्र. आणि एका खासगी कॉलेजात रेडिओलॉजी. चौथा पर्याय वर्ष सोडून पुन्हा परीक्षा देण्याचा. तो आईने एका वाक्यात निकालात काढला, "आणि तोवर हप्ता कोण भरणार?"

काका रेडिओच्या बाजूचे. गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, रेडिओला मरण नाही. चुकीचं नव्हतं ते. रात्रीबेरात्री पेशंट नाही, रिपोर्टिंग घरबसल्याही होतं, पगार पहिल्या दिवसापासून चांगला. पण फी वर्षाला साडेअकरा लाख, तीन वर्षांचे साडेचौतीस. पहिल्या कर्जावर दुसरं, जवळपास तेवढंच. मी बँकेत असतो तर पहिला प्रश्न विचारला असता : तारण? घर एकच आणि ते आधीच अडकलेलं. त्याशिवाय सोनोग्राफीचं मशीन घ्यायचं म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ, आणि एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच केंद्रं. गावात स्वतःचं सेंटर टाकायचं म्हणजे पुन्हा भांडवल. रेडिओ पहिल्याच संध्याकाळी बाजूला पडलं. ज्याच्याकडे आणखी एक घर तारण ठेवायला आहे, त्यानेच कर्ज काढून कर्जातून लवकर सुटावं, असा हा खेळ आहे.

उरले दोन. दोन्ही सरकारी, दोन्हीकडे फी नाममात्र म्हणावी अशी, स्टायपेंड सारखाच, हातात साठ-बासष्ट हजार. दोन्हीकडे शेवटी एक वर्षाचा बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, मोडला तर पीजीला 50 लाख दंड. बालरोगाच्या जागा भूलशास्त्राच्या आधी संपतात, म्हणून बॅचच्या नजरेत त्या दोघांत निवडायचा प्रश्नच नव्हता. पेड्स मिळतंय, पेड्स घ्यायचं.

माझा तक्ता

तिने मला विचारलं ते असं : "काका, 2024 मध्ये बाँड संपला की दुसऱ्या महिन्यात माझ्या हातात काय येईल?" ती मला काका म्हणते, वडील साहेब म्हणतात. मी दोन रकाने केले.

भूलतज्ज्ञाचा रकाना लगेच भरला. त्याला स्वतःचं हॉस्पिटल लागत नाही. तालुक्याच्या गावांत पाच-सहा नर्सिंग होम असतात, सर्जन असतात, स्त्रीरोगतज्ज्ञ असतात. भूल देणारा एखाददुसरा, तोही कुठे कुठे पळणार? लॅरिंगोस्कोप, ट्यूब, स्पायनलच्या, म्हणजे पाठीच्या कण्यात भूल द्यायच्या, सुया, इमर्जन्सीची औषधं बॅगेत घातली, मोटरसायकल काढली की प्रॅक्टिस सुरू. केस झाली की पैसे. भांडवल म्हणजे ती बॅग.

बालरोगाच्या रकान्यात मी आधी एनआयसीयूचा, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूचा, खर्च लिहिला. जागेचं डिपॉझिट, रेडियंट वॉर्मर, फोटोथेरपी, व्हेंटिलेटर, सेंट्रल ऑक्सिजन, तीन पाळ्यांच्या नर्सेस. आकडा 70 लाखांवर गेला. म्हणजे व्यवसाय कर्ज. म्हणजे पुन्हा तारण. नाहीतर निओनॅटॉलॉजीत, म्हणजे नवजात बाळांच्या शाखेत, डीएम ही पुढची पदवी, म्हणजे आणखी तीन वर्षं. नाहीतर मोठ्या शहरात कॉर्पोरेटमध्ये पगारावर, म्हणजे घरभाडं आणि गाव सुटलं. 2024 नंतर शिलकीचा हिरवा आकडा यायला चार वर्षं लागत होती.

तक्ता पाठवला. ती बराच वेळ ऑनलाइन दिसत होती, लिहीत काही नव्हती. मग, "थँक्यू काका."

आणखी एक सोय होती. पीजी करतेय म्हणून बँकेला अर्ज करून हप्ता तीन वर्षं पुढे ढकलायचा. मी आकडा काढून दिला : 22 लाख 50 हजारांवर आणखी तीन वर्षांचं व्याज, साधारण साडेसात लाख, आणि मग हप्ता 36 हजार 750 ऐवजी 44 हजार 700 च्या आसपास. तिने नको म्हटलं. स्टायपेंडमधून भरते म्हणाली.

काकांचं घर

इथवरचं सगळं हिशोबाचं. निर्णय मात्र त्यावर झाला नाही, असं मला आता वाटतं. तो झाला तिसऱ्या कॉलमध्ये, एका वाक्यावर.

काकांचा मुलगा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, 2019 पासून दुकान वाढवू बघत होता. मोटार रिवाइंडिंग आणि सोलर पंपाचं काम त्याच्या हातात होतं, गाळा मिळत होता. कर्जासाठी बँकेत गेला तर घराचे कागद आधीच आत. मूल्यांकनात उरलेली जागा एवढी कमी की शाखेने अर्ज घेतलाच नाही. त्याने घरात कुणाला दोष दिला नाही. पण त्या संध्याकाळी कॉल चालू असताना मागून काकूंचा आवाज आला. माझ्यासाठी नव्हता, मोबाइलने पकडला. "तिचं लहान पोरांचं हॉस्पिटल होईपर्यंत आमचा पोरगा म्हातारा होईल."

कुणी काही बोललं नाही. वडील उगाच मफलर सारखा करत बसले, मे महिन्यात.

दुसऱ्या दिवशी तिने फॉर्मचा प्रिंट काढून त्याचा फोटो मला पाठवला. पहिल्या ओळीला बालरोग आणि दुसऱ्याला भूलशास्त्र छापलेलं. शेजारी पेनने 1 चा 2 केलेला आणि 2 चा 1. दोन्ही आकडे दोनदा गिरवलेले. मग तिने ऑनलाइन तसंच बदलून फॉर्म लॉक केला.

कर्जाच्या रकमेवरून ब्रँच ठरते असं सरसकट बोललं जातं. अमेरिकेत न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने 2018 साली सगळ्या विद्यार्थ्यांची फीच माफ केली. त्यामुळे मुलं भराभर फॅमिली डॉक्टरकीकडे वळली, असं काही तिथे झालं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. रक्कम शून्य केली तरी शाखाशाखांच्या कमाईतली दरी तशीच राहते. आपल्याकडेही 2023 मध्ये पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली, आणि जागा नेहमी रिकाम्या राहतात त्या प्राधान्याने शरीररचना, जीवरसायन असल्या विषयांत, जिथे डॉक्टरला पेशंटच नसतो. या मुलीच्या बाबतीत रकमेइतक्याच जड दोन गोष्टी होत्या : पहिला हप्ता कुठल्या महिन्यात, आणि तारण कोणाचं. घर वडिलांचं असतं तर ती बालरोगाला गेली असती, हे तिने मला नंतर स्वतः सांगितलं. वडिलांवर चार वर्षं ओझं टाकता येतं. काकूंवर नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना आली. यादीतल्या संस्थांत (सुरुवातीला 860) प्रवेश मिळाला तर तारण नाही, जामीनदार नाही. व्याज कमी किती होतं यापेक्षा काकूंना बाकावर बसावं लागत नाही, हे मला त्यात मोलाचं वाटतं. तिचं कॉलेज यादीत आहे का ते मी तपासलेलं नाही. आता उपयोग काय.

तक्त्यातली चूक

2022 च्या सुमाराला सकाळच्या फिरण्यात एका बालरोगतज्ज्ञांशी ओळख झाली. मी कौतुकाने त्यांना हे प्रकरण सांगितलं, तक्ताही दाखवला. ते हसले. "साहेब, पहिल्या दिवशी एनआयसीयू कोण काढतं? भाड्याची खोली, वजनकाटा, लशींचा फ्रीज आणि एक मुलगी केसपेपर काढायला. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही लशींवर आणि सर्दी-तापावर काढतो. शिवाय गावातल्या सगळ्या सिझरना आम्हालाच बोलावतात." माझे 70 लाख त्यांनी अडीच-तीन लाखांवर आणले.

घरी येऊन मी रकाना पुन्हा मांडला. हप्ता निघाला असता. ओढाताण झाली असती, पण निघाला असता. काकांचे कागद लवकर सुटले नसते, हे खरं. पण "निघणार नाही" आणि "उशिरा सुटतील" यांत फरक आहे, आणि मी तिला पहिलं दाखवलं होतं. तीस वर्षं कर्जप्रस्ताव पाहिलेल्या माणसाला प्रोजेक्ट म्हटलं की यंत्रसामग्री दिसते. तिला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काका, आकडा वेगळा असता तरी मी हेच केलं असतं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

पुढचं

पहिलं वर्ष कोविडच्या आयसीयूत गेलं. मार्च 2021 मध्ये पहिला हप्ता कापला गेला. ऑक्टोबर अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. वडिलांचा पगार थांबला. साठ-बासष्ट हजारांतून हप्ता वजा जाता जे उरायचं त्यातले दहा हजार ती घरी पाठवायची. शाखा कुठलीही असती तरी हे झालंच असतं. पण हप्ता पुढे न ढकलण्याचा हट्ट किती महागात पडतो, ते त्या पाच-सहा महिन्यांत दिसलं.

2023 मध्ये एमडी झाली, 2024 च्या ऑगस्टमध्ये बाँड संपला. तोपर्यंत 42 हप्ते गेले होते. भरले 15 लाख 43 हजार. मुद्दल उतरलं 4 लाखांच्या थोडं वर. हा आकडा मी वडिलांना सांगितला नाही, त्यांनी तो पासबुकातून स्वतः काढला आणि मला फोन करून विचारलं, "साहेब, कॉम्प्युटर चुकलाय का?"

सप्टेंबरपासून प्रॅक्टिस. पहिल्या पूर्ण महिन्यात 38 केसेस, चार गावांत. मोटरसायकल भावाची, म्हणजे चुलत भावाची, कारण तो तोवर चाकणला एका कंपनीत लागला होता आणि गाडी दारात पडून होती. तिने महिन्याला सव्वा लाख कर्जाकडे वळवले. डिसेंबर 2025 मध्ये बाकी 13 लाखांवर आली, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांची ठेव घराऐवजी बँकेकडे तारण ठेवली आणि काकांचं खरेदीखत सुटलं. अकरा वर्षांनी. काकांनी पानं मोजली, एका पानाचा कोपरा वाळवीने की ओलीने खाल्ला होता तो बोटाने सारखा केला, आणि चहा सांगितला. गाळा केव्हाच दुसऱ्याने घेतला होता. मुलगा चाकणहून परत येणार नाही.

जानेवारीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. आदल्या रात्री तिला एका नर्सिंग होममध्ये सिझरला बोलावलं होतं. स्पायनल दिली, बाळ बाहेर आलं, रडलं नाही. गावात बालरोगतज्ज्ञ नाही, जवळचा चाळीस मिनिटांवर. इकडे आईचं बीपी स्पायनलनंतर खाली येत होतं, तिथून हलणं बरोबर नाही. तिकडे बाळ निळं पडत होतं. तिने सिस्टरला बीपीचे आकडे दर मिनिटाला मोठ्याने वाचायला सांगितले, सलाईन पूर्ण सोडलं आणि पाठमोरी होऊन बाळाला बॅग-मास्कने श्वास दिला. आकडे ऐकत. मिनिटभराच्या आत रडलं म्हणाली. "हे बरोबर नाही काका, एका माणसाने दोन पेशंट. पण महिन्यात दोनदा होतंच."

मी बॅग बघायला मागितली. लॅरिंगोस्कोप, ट्यूब मापाप्रमाणे रबरबँडने बांधलेल्या, सुयांची पाकिटं. बाजूच्या कप्प्यात वेगळ्या पिशवीत दोन छोटे गोल मास्क, शून्य आणि एक नंबरचे, तळहातात मावतील एवढे. "हे भूलीच्या सामानात येत नाहीत," ती म्हणाली. "मी वेगळे घेतलेत." आणि कप्प्याची चेन ओढून घेतली.